वरचा तुकडा चांदवडचा

मेणाचे ब्लॉक वर्षानुवर्षं जपून ठेवायचे, असा आमच्या लॅबचा नियम आहे. किस्से जपायचा नियम नाही, तरी तेही साठतात. नाशकातल्या या लॅबमध्ये मी शिपाई. आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींचे तुकडे मेणात बसवलेले असतात, ते काढायचे, परत ठेवायचे. यंदा त्यात एक ब्लॉक माझ्या बायकोचा आला.

*

तुकड्यांना रंग का देतात, ते मला लॅबच्या डॉक्टर मॅडमांनी शिकवलं.

"काका, गाठीतल्या काही पेशी बियाण्यासारख्या असतात. ऑपरेशननंतर मागे राहिल्या तर गाठ पुन्हा उगवते. रंगाचं औषध घातलं की त्या जिथे असतील तिथे तुकडा तपकिरी होतो."

"म्हणजे माणसाचं पुढचं कळतं?"

"अंदाज कळतो. माणूस कळत नाही."

*

लासलगावचे एक कांदाव्यापारी भावाचा ब्लॉक न्यायला आले. नखाएवढा तुकडा बघून म्हणाले, "एवढ्यावरून सगळं ठरवता?"

"तुम्ही कसं ठरवता?" मॅडमांनी विचारलं.

"ट्रॉलीतले चार कांदे बघून." मग जरा थांबून म्हणाले, "आणि लय वेळा फसतो."

*

कापण्याआधी ब्लॉक बर्फावर गार करतात. मे महिन्यात काउंटरवरच्या ताईंनी त्यातलाच बर्फ सरबतात घातला.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "प्या. सकाळपासून त्यावर चार जणांची आतडी होती."

ताईंनी ग्लास माझ्याकडे सरकवला. "काका, तुम्ही घ्या. दमलाय."

*

मायक्रोस्कोपखाली बघायच्या प्रत्येक काचेवर खाली पेशंटचा तुकडा असतो आणि वरच्या बाजूला एक ठरलेला तुकडा लावतात. तो तपकिरी होणारच, हे आधीच माहीत असतं. तो रंगला म्हणजे रंगाचं औषध बरोबर चाललं. आमच्याकडे तो तुकडा चांदवडच्या एका शेतकऱ्याचा, त्यांना विचारूनच ठेवलेला. त्यांच्याइतका गडद दुसरा कोणाचा नव्हता.

हिची काच तयार झाली तेव्हा नियम मोडून मी ती खिडकीशी धरली. तपकिरी. मी स्टुलावर बसलो.

"अहो काका, तो वरचा चांदवडचा," मॅडम म्हणाल्या.

"आणि खालचा?"

त्यांनी काच माझ्याकडून घेऊन मायक्रोस्कोपखाली सरकवली.

"तोही, काका."

संध्याकाळी हिनं दोनदा विचारलं, रिपोर्ट आला का. मी मेथी निवडत राहिलो.

*

त्याच आठवड्यात चांदवडवाले काउंटरवर उभे. त्यांची गाठ काढून आठ वर्षं झाली, पुन्हा उगवली नाही. दरवर्षी तपासणीला येतात, हातात कांद्याची पिशवी.

"काय काका, माझा तुकडा हाये ना अजून कामावर?"

मी म्हणालो, "घरी चहाला चला."

हिनं चहा दिला आणि आत येऊन हळूच विचारलं, "हे कोण?"

"कामावरचे. रोजची भेट आहे आमची."

बाहेरून आवाज आला, "वहिनी, अजून अर्धा कप मिळंल का?"