बाईंची जागा

सणसवाडीला आमच्या कंपनीच्या गेटवर फोन आला होता. पहिली पाळी सुटून मी कार्ड पंच करत होतो, तेवढ्यात वॉचमनने हाक मारून सांगितलं, "शिरूरवरनं योहानमामांचा फोन व्हता. बाई गेल्या म्हनले." कोण बाई, हे मला विचारावं लागलं नाही. शिरूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत बाई एकच, रत्नमाला पाडळे. योहानमामा तिथल्या जुन्या चर्चची देखभाल करतात, सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांना उलटा फोन केला तेव्हा कळलं, बाई आठ दिवस तापानं पडून होत्या. सणसवाडीला कळवू का, असं मामांनी दोनदा विचारलं होतं. राहू दे, पोरांच्या पाळ्या बुडतील, असं बाई म्हणाल्या... या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

बाई दौंडला शाळेत शिकवायच्या. सगळी नोकरी त्या रेल्वेच्या गावात गेली, पण तिथं त्यांनी घर असं केलंच नाही. भाड्याची एक खोली, एक स्टोव्ह, आणि खिडकीतून दिवसभर ऐकू येणारं गाड्यांचं शंटिंग. लग्न केलं नव्हतं. शनिवारची शाळा सुटली की एसटीत बसून, न्हावऱ्यावरून धूळ खात शिरूरला यायच्या, वडिलांच्या दोन खोल्या उघडायच्या, रविवारी आम्हा मुलांची संडे स्कूल घ्यायच्या आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत जायच्या. एका वर्षी हंगामाच्या सणाला सगळ्यांच्या घरून धान्य, भाजी, कोंबडी असं काही ना काही अर्पणाला गेलं. आमच्या घरात त्या दिवशी न्यायला काही नव्हतं, म्हणून मी लाजून घरीच बसलो. बाई मला शोधत दारात आल्या. माझं कारण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आवाज घेऊन चल." त्या दिवशी पहिलं गीत त्यांनी मला सुरू करायला लावलं. पुढं कितीतरी वर्षं ते काम माझ्याकडंच राहिलं.

नोकरीत असतानाच त्यांनी सणसवाडीला, नगर रस्त्यापासून थोडी आत, घरापुरती जागा घेऊन ठेवली होती. तेव्हा तिथं बाजरीशिवाय काही दिसत नव्हतं. निवृत्त झाल्यावर तिथं दोन खोल्या बांधायच्या, पुढं कडुनिंब लावायचा, असं त्या आम्हाला सांगायच्या. मग नव्वदनंतर तिथं कारखाने आले आणि शिरूरची आम्ही सगळी तरणी पोरं तिकडं कामाला लागलो. रोजचं जाणं-येणं जमेना म्हणून तिथंच खोल्या घेतल्या, लग्नं झाली, मुलं झाली. आमची सुट्टी गुरुवारी, रविवारी कारखाने चालू. शिरूरची उपासना रविवारी दहाला. दिसेनासा झालो तेव्हा बाईंनी मला विचारलं, की मग तुम्ही भक्तीला कुठं जमता? मी सांगितलं, एका चाळीत खोली आहे, पाळी बघून सकाळी नाहीतर संध्याकाळी बसतो.

पुढच्या रविवारी शिरूरची उपासना आटोपून त्या एसटीनं बघायला आल्या. दहा बाय बाराची खोली होती. बायका आत, पुरुष दारात, मुलं जिन्यावर. बिहार-ओडिशाकडची दोन-तीन कुटुंबंही येत, त्यांच्यासाठी एक गीत हिंदीत व्हायचं. त्या दिवशी गीत चालू असताना घरमालक वर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "गानं बंद करा, न्हायतर खोली खाली करा." आम्ही आवाज उतरवला. उरलेली उपासना कुजबुजत केली. मी बाईंना स्टँडवर सोडायला गेलो, तिथं गाडीची वाट बघताना म्हणाल्या, "माझी जागा आहे ना इथं. तिथं बांधा."

मला आनंद व्हायला हवा होता, पण मी घाबरलो. ती तुमच्या घराची जागा आहे, असं म्हणालो. आणि मग मनातली खरी भीती सांगितली. इथं चर्च उभं राहिलं तर शिरूरला कोण येईल?

"न येणारे आत्ताही येत नाहीत, शांतवन," त्या म्हणाल्या. "निदान त्यांची मुलं मोठ्यानं गातील."

जागेचे कागद मंडळीच्या नावावर झाले, बांधकाम सुरू झालं. मंडळीच्या पंचांपैकी कुणी सुचवलं की दारावर बाईंच्या नावाची फरशी बसवू. त्यांनी नको म्हटलं. त्यांनी एकच मागितलं, तेही अट म्हणून नाही. महिन्यातून एक रविवार, ज्याला जमेल त्यानं शिरूरला यावं. आम्ही सगळ्यांनी होकार दिला आणि तो मनापासून दिला होता. पहिलं वर्षभर गेलोही. मग कुणाचा ओव्हरटाइम, कुणाच्या मुलांच्या परीक्षा, कुणाचं घर बांधायला काढलेलं. आमचं चर्च भरत गेलं, आणखी एक खोली वाढवावी लागली, संडे स्कूलचे दोन वर्ग झाले. दरवर्षी वर्धापनदिनाच्या रविवारी सकाळी आम्ही बाईंचं नाव घेऊन उपकारस्तुती करायचो. त्या मात्र तिथं नसायच्या. शिरूरला उपासना चालवायला पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येत, बाकीच्या रविवारी शास्त्रपाठ वाचायला बाईच होत्या. त्या आमच्याकडं आल्या असत्या तर तिकडं वाचणारं कुणी उरलं नसतं.

मी त्यांना शेवटचा भेटलो तो मागच्या नाताळाच्या आधी, बाजाराला शिरूरला गेलो होतो तेव्हा. निवृत्तीनंतर त्या वडिलांच्या त्याच दोन खोल्यांत राहत होत्या. त्यांनी चहा टाकला, कपबशी दोघांपुरतीच होती. त्यांनी आमच्याकडच्या मुलांची नावं एकेक करून विचारली. मी न येण्याचं कारण सांगायला लागलो, तर म्हणाल्या, तू काही सांगू नकोस, तुझी मुलगी आता कुठलं गीत शिकली ते सांग. मी सांगितलं. त्यांनी ते हळू आवाजात म्हणून बघितलं. मला बसची घाई होती.

दफनाच्या दिवशी सणसवाडीहून दोन टेम्पो भरून माणसं गेली. शिरूरचं चर्च भरलं, बाहेर चपलांचा ढीग झाला. ज्यांनी बाईंना कधी पाहिलंही नव्हतं ती हिंदी बोलणारी कुटुंबंसुद्धा आली होती. आम्ही मोठ्यानं गायलो. एवढी माणसं एकत्र बघायला त्या हव्या होत्या, असं कुणीतरी म्हणालं, आणि मला मान वर करवेना.

मागच्या रविवारी रजा टाकून मी शिरूरला गेलो. उपासनेला योहानमामा, दोन म्हाताऱ्या बहिणी आणि मी. शास्त्रपाठ मामांनी चष्मा सावरत, अडखळत वाचला. नंतर कुलूप लावायच्या आधी मी त्यांना विचारलं, बाई कुठं बसायच्या? मला वाटलं, ते पुढचा एखादा बाक दाखवतील.

"त्यांची अशी जागा न्हवती," मामा म्हणाले. "दर रविवारी येगळ्या बाकावर बसायच्या. पुढनं सुरू करून मागं मागं जायाचं, मग परत पुढनं. म्हनायच्या, बसलं न्हाई तर बाकाला धूळ धरती." त्यांनी उजवीकडच्या चौथ्या बाकाकडं बोट केलं. "तापाच्या आधी हितवर आल्या व्हत्या."

मामा खिडक्या लावत होते. मी पाचव्या बाकावर जाऊन बसलो. त्याच्यावर धूळ होती.