मायने पाहिलेली चित्रं

पांढुर्ण्यात पेंटर म्हणजे दुकानाच्या पाट्या लिहिणारा. मी चित्रकार आहे म्हटलं की लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नंबर टाकून मागतात. माझ्या चित्रांत माणूस नसतो, झाडही नसतं. रंगाचे जाड थर थापायचे, सुरीने खरवडायचे, वर पुन्हा थापायचे, आणि आतला जुना रंग कुठेतरी डोकावला की थांबायचं. हे गावाला समजावणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता, म्हणून मी तो नाद सोडला. संत्र्याची बाग पाहणारा माझा मोठा भाऊ तर पाहुण्यांना सांगतो, "याले लहानपणी गोटमारीत डोक्यात गोटा बसला." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या त्या दगडफेकीच्या जत्रेला मी आयुष्यात कधी गेलेलो नाही. पाहुणे मात्र समजल्यासारखी मान हलवतात.

एक माय तेवढी माझी होती. चित्र वाळलं की ती समोर येऊन उभी राहायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "छान झालं, बाबू." पन्नाशीला आलेला माणूस मी, पण तेवढ्यावर पुढचं चित्र सुरू करायचो. दिल्लीच्या प्रदर्शनाने नाकारून परत पाठवलेल्या चित्रांनाही ती छानच म्हणाली होती. मला दुसरा प्रेक्षक नव्हता, आणि लाज सोडून सांगतो, नकोही होता.

तिच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला. भाऊ म्हणाला, "संत्रा तुटू दे, मंग पाहू." मी त्याच्याशी कडाडून भांडलो. मागच्या कोठीत माझं सगळ्यात मोठं चित्र नुकतंच पुरं झालं होतं, आणि ते तिने स्वच्छ नजरेने पाहावं एवढंच मला हवं होतं. धुरकट दिसत असताना ही बाई इतकं कौतुक करते, मग नीट दिसल्यावर काय म्हणेल! मीच तिला गाडीने नागपूरला नेलं, एकामागून एक दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं, आठवण ठेवून औषधाचे थेंब टाकले.

काळा चष्मा उतरला त्या सकाळी तिने आधी माझ्याकडे पाहिलं. "किती म्हातारा दिसून राहिला रे!" मी हसलो आणि हाताला धरून तिला कोठीत नेलं. दारं-खिडक्या सताड उघडल्या.

ती चित्राजवळ गेली, मागे सरकली, पुन्हा जवळ गेली. मग भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी चित्रं एकेक करून पाहू लागली. मी परीक्षेच्या निकालाला उभा असल्यासारखा दारात उभा होतो.

"हे सारेच असे आहेत काय?"

"हो, माय."

"मले वाटे, माह्या डोयानं असे दिसून राहिले."

ती चिडली असती तर मी भांडलो असतो. पण तिला रडू येत होतं. माझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "ऑपरेशन लय आधी कराले पाहिजे होतं, बाप्पा. तुले वेळेवर थांबवलं असतं."