'हटवा' म्हणजे नेमकं काय?

इंडोनेशियातल्या पेकालोंगानच्या आमच्या बातिक कारखान्यात बू वार्सितींनी तीस वर्षं हाताने नक्षी काढली. आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने 'बू' म्हणतात, पुरुषाला 'पाक'. तांब्याचे ठसे घडवणारे कारागीर त्यांच्या रेघेवर विसंबून पत्रा वाकवायचे. चोपन्नाव्या वर्षी त्यांच्यापुढे संगणक आला. महिन्याभरात त्या पडद्यावर कमळं फुलवू लागल्या. शेजारच्या टेबलावरून मी बघत होते.

मग एका लग्नाच्या कापडांचं काम आलं. अकरा नमुने, सगळ्यांना बगळ्यांचा काठ. मग एका नमुन्यात काठ नको असं ठरलं, म्हणून बूंनी तो निवडून 'हटवा' दाबलं. अकराही नमुन्यांतले बगळे उडाले. 'मागे घ्या' दाबून पाहिलं, एकही परतला नाही.

मालक पाक हारुन धावत आले. "बू, काय दाबलंत?"

"हटवा."

"मग हटलं की!"

"काल दाबलं तेव्हा एकाच नमुन्यातून हटलं होतं. आज सगळीकडून गेलं."

"एवढं महागाचं सॉफ्टवेअर चुकतंय होय? वय झालं म्हणा."

"वय झालंय, पाक. वाचता मात्र अजून येतं."

त्या दिवशी बूंनी पेन्सिल घेऊन अख्खा काठ पुन्हा कागदावर उतरवला. काम वेळेत गेलं, पण ते 'वय झालं' त्यांना लागलं होतं. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने कोवळ्या फणसाचा मेगोनो-भात खात, दुसऱ्या हाताने बू टाकाऊ नक्षीवर एकेक आज्ञा दाबून बघू लागल्या. काय घडलं ते मी भिंतीवर खडूने लिहायचे. पंधरा दिवसांत भिंत भरली. एकाच कामाला 'काढून टाका', 'पुसा', 'वगळा' अशी तीन नावं होती. आणि 'हटवा' दोन ठिकाणी होतं. वरच्या यादीतलं फक्त समोरच्या नमुन्यातून फूल काढायचं. बाजूच्या पट्टीतलं ते मूळ संग्रहातूनच कायमचं घालवायचं.

पुढच्या महिन्यात सॉफ्टवेअर कंपनीची प्रामेस्ती जकार्ताहून शिकवायला आली.

"शब्द वेगळे असले तरी अर्थ एकच हो, बू," ती हसून म्हणाली.

"मग पोरी, तू शिकवायला आणलेल्या नमुन्यातल्या मोरावर बाजूच्या पट्टीतलं 'हटवा' दाब बरं."

तिने दाबलं. तिच्या नमुन्याच्या सातही पानांवरचे मोर गेले. प्रामेस्तीने दोनदा 'मागे घ्या' दाबलं, मग हात मांडीवर ठेवला. "हे आम्हाला आजवर कुणी सांगितलंच नाही."

"सगळ्यांना वाटत असेल, आपलंच चुकलं."

पोरगी गुणाची. खुर्ची भिंतीपाशी ओढून ती दुपारपर्यंत खडूचं लिखाण उतरवत बसली. पाक हारुन दारात घुटमळत होते. "बू, मी त्या दिवशी जरा..."

"चहा मागवा," बू म्हणाल्या. "तिघींना."

चार महिन्यांनी नवी आवृत्ती आली. त्यात 'या नमुन्यातून काढा' आणि 'संग्रहातून कायमचं पुसा' असे दोनच स्पष्ट शब्द होते. आता दर आवृत्तीआधी कंपनी शब्दांची यादी बूंकडे धाडते. बू ती कारखान्यात मोठ्याने वाचतात, आणि कुणीही "म्हणजे?" विचारलं की शब्दावर लाल रेघ मारतात. परवा 'अंतिम करा' आलं, तर ठसेवाले कासिरान म्हणाले, "म्हणजे छापू, की जपून ठेवू?"

बूंनी लाल पेन्सिल उचलली.