डाकबंगल्यातली शेऱ्यांची वही

नव्वदच्या आसपास मला इंग्रजांच्या खुणा शोधायचं वेड लागलं होतं. त्या नादात आंबेगाव तालुक्यातल्या एका जुन्या डाकबंगल्यात जाऊन धडकलो. तिथला म्हातारा राखणदार खूश झाला. चहा पाजून त्याने कपाट उघडलं आणि एकेक निळी बशी अंड्यासारखी जपून खांद्यावरच्या टॉवेलाने पुसली. शेवटी साहेब लोकांच्या शेऱ्यांची वही काढली.

"वाचा की पावणं. समदे आमच्या आज्याच्या हातचं जेवलेत."

एका साहेबाला कोंबडी आवडली होती, दुसऱ्याचा रश्श्याने घसा जळला होता.

"त्यो मुद्दाम तिखट घालायचा!" म्हातारा खुदखुदला. मग हळूच म्हणाला, "त्याचं नाव हाय का बघा कुठं."

मी सगळी पानं चाळली. जिथं तिथं नुसतं 'खानसामा'.

"ऱ्हाऊ द्या. तुमी बी लिवा कायतरी."

मी पानभर लिहिलं, खाली झोकात सही ठोकली. त्याने कौतुकाने फुंकर घालून शाई वाळवली.

परतताना एस.टी. मंचरला आली तेव्हा चमकलो. 'राखणदाराचा चहा फक्कड,' असं लिहून आलो होतो. नाव मीही विचारलं नव्हतं.