पाचव्या पडद्याला खळ

आमच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार मी वाजवायचो. तेव्हा अख्ख्या सोलापुरात बास गिटार एकच होती, त्यामुळं शहरात माझा पहिला नंबर. शेवटचाही माझाच, पण ते आम्ही बोलत नसू. दिवसा मी यंत्रमागाचा जॉबर. चादरीचा माग अडला की मालक देव पाण्यात ठेवायच्या आधी मला बोलवायचा.

गणपतीच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गिटारीचा पाचवा पडदा उचकटला. पडदा म्हणजे मानेवर आडवी ठोकलेली धातूची पट्टी, सतारीला असते तशी. तिचं एक टोक वर आलं आणि तार अशी भणभणायला लागली की मधमाश्या उठल्या समजून गल्लीनं दारं लावून घेतली.

ऑर्केस्ट्राचे मालक म्हणजे आमचे मास्तर. त्यांचा मेहुणा रोज तालमीला येऊन बसायचा. डोळा माझ्या खुर्चीवर. तो म्हणाला, "हातोडीनं हळू ठोका की. बसंल खाली."

बरोबरच होतं त्याचं. म्हणूनच मला ऐकवेना.

"ही काय बाज हाय ठोकायला? तुमी चहाचं बघा, पाव्हणं," असं म्हणून मी पकडीनं पडदाच उपटला. त्याच्याबरोबर लाकडाचा कपचा आला आणि पडद्याची चकली झाली.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "जॉबर, काय केलाव हे! वाजती करून द्या आधी. मग तुमचं काय करायचं ते बघतो."

मागाच्या फणीला पोलादी पाती असतात, सुताचे धागे त्यांच्यामधून जातात. तसली दोन पाती जोडून कापली, खाचेत बसवली. पहिल्यापासून पाचव्या घरापर्यंत बोट कुठंही दाबा, सूर एकच! पट्टी उंच झाली होती. मग कानस घेतली. इतकी घासली की तालमीच्या खोलीसमोरून जाणारी म्हैस आटली. अखेर सूर सुटे झाले. चिकटवायला खळ लावली, सूत ताठ करायची आमची रोजची कांजी. सगळ्या गावाचं सूत जी ताठ ठेवते, तिला एक पडदा जड आहे?

दुसऱ्या दिवशी वाजवून दाखवली. मास्तर खूश.

"झकास! दुरुस्तीत तुमचा हात कोण धरणार? आज बास आमचे पाव्हणे वाजवतील. तुमी हातोडी घेऊन विंगेत बसा."

"हातोडी कशाला? घट्ट बसवलाय की."

"असू द्या."

खळ पाण्यानं सुटते, हे मला ठाऊक होतं. मेहुण्याला घाम लई येतो, हेही ठाऊक होतं. पण या दोन गोष्टी एकत्र करून त्याला सांगायचं काम मला कुणी दिलं नव्हतं.

तिसऱ्या गाण्याला पडदा वर आला. मेहुणा एकाच सुरात घुमायला लागला, गाणारी बाई त्या सुरामागं लागून भलतीकडंच गेली. अकॉर्डियनवरून मास्तर ओरडले, "जॉबर!"

मी जरीच्या कोटात स्टेजवर गेलो, मेहुण्याच्या मांडीवरची गिटार उचलली आणि हातोडीनं हळू ठोकलं. बसला. मंडप शिट्ट्यांनी फुटला. वन्समोअर आला तो हातोडीला.

"आणा हिकडं," मेहुणा हळूच म्हणाला.

"बसा की, पाव्हणं. घाम पुसा."

गिटार काही मी परत दिली नाही. उरलेली सगळी गाणी उभ्यानं वाजवली, कारण खुर्चीवर अजून तोच बसून होता.