दमणीच्या मागे बाबा

आमच्या संग्रामपुराकडच्या मुलखात मोठ्या शेतकऱ्याने पायी चालणे म्हणजे घर बुडाल्याची दवंडीच. माझे बाबा देवळातसुद्धा दमणीत बसून जात. दमणी म्हणजे माणसांनी बसायची हलकी बैलगाडी. देऊळ आमच्या दारातून दिसत असे, ही गोष्ट वेगळी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि लोक नागपूरच्या साहेबांचा थाट सांगत. मला मात्र बाबांपेक्षा थाटाचा माणूस ठाऊक नव्हता. बसून बसून त्यांचे पोट असे सुटले होते की धोतराच्या निऱ्या त्यांच्या त्यांना दिसत नसत.

मी दहा-अकरा वर्षांची असताना त्यांना सारखी तहान लागू लागली. मोरीत मुंग्या जमू लागल्या. पोटरीवरचा एक साधा फोड काही केल्या भरेना. शेवटी ते नांदुऱ्याला डॉक्टरांकडे गेले आणि आगगाडी बघायला मिळेल म्हणून मीही सोबत गेले. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळे औषध घेतले, त्यात बाबांची लघवी टाकली आणि नळी दिव्यावर धरली. बघता बघता निळ्याचे विटेसारखे लाल झाले.

"साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "सुईने टोचायचे औषध मुंबईहून मागवता येईल, पण ते बर्फात ठेवावे लागते. तुमच्या गावात बर्फ कुठला? गूळ सोडा, फोड भरला की रोज घाम येईपर्यंत चाला. बसून राहणाऱ्याची साखर रक्तातच पडून राहते, चालणाऱ्याचे पाय ती वापरून टाकतात. नाही चाललात तर एक दिवस पाय कापावा लागेल."

बाबांनी दमणी तडक घराकडे वळवायला लावली. आगगाडी राहिलीच.

गूळ सुटला, महिन्याभरात फोड भरला. मग एका सकाळी त्यांनी दमणी जुंपवली आणि मला उचलून मागच्या बाजूला बसवले, पाय बाहेर सोडून. बैल चाचा हाकत. चाचा म्हणजे आमचे म्हातारे मुसलमान गाडीवान. गाडी निघाली आणि बाबा तिच्या मागे पायी निघाले. पारावरच्या मंडळींनी हटकलेच, "काऊन जी पाटील, पायी?"

"पोरीले चक्कर येते दमणीत," बाबा म्हणाले. "पडन म्हणून मांगं चालून राह्यलो."

मला जन्मात कधी चक्कर आली नव्हती. मी तसे सांगणारही होते, पण बाबांनी माझ्याकडे असे काही पाहिले की मी मुकाट्याने मान टाकली आणि डोळे मिटले. सोंग बरे वठले असावे, कारण दुपारी शेजारीण लिंबू घेऊन आली.

मग रोजचेच झाले. नांदुऱ्याच्या वाटेवर आमचे कपाशीचे शेत होते, तिथपर्यंत जायचे आणि यायचे. मी मागे तोंड करून बसलेली, समोर घामाघूम बाबा आणि त्यांच्या पाठीशी निळा सातपुडा. सुरुवातीला ते दमणीचे लाकूड धरून धापा टाकत. पुढे पुढे "चाचा, जरा हाका" म्हणू लागले आणि चाचा हसून "हाव मालक" म्हणत बैलांना दुडकी चाल देत. चालताना बाबा बोलत. लहानपणी सोनाळ्याच्या मामांकडे डोंगरात कसे हुंदडायचे, बोरांसाठी कसा मार खाल्ला, सगळे. शेजारी बसून गेले असते तर एवढे बोलले नसते. त्या सकाळी आठवल्या की मला अजून भरून येते. बाप एवढा वेळ समोर दिसणे तेव्हा कोणत्या मुलीच्या वाट्याला येत होते?

डॉक्टरांच्या नळीतला लाल रंग पुढच्या खेपांना हिरवट झाला आणि मग एकदा निळ्याचा निळाच राहिला. त्या दिवशी बाबांनी मला मुद्दाम आगगाडी दाखवली. फलाटावर उभे राहून हळूच म्हणाले, "पाह्य माय, निऱ्या दिसून राह्यल्या मले."

पण खोट्याला पाय फुटतात. चार-पाच वर्षांनी मला पाहायला पाहुणे आले. पोहे झाले, सुपारी झाली आणि मुलाच्या काकांनी विचारले, "पोरीले फिट येते म्हणतात. रोज दमणीमांगं बाप चालते म्हणे." दाराआड आईने माझा दंड घट्ट धरला. स्थळ चांगले होते.

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. "पोरीले काही नाही जी. गोड्या लघवीचा रोग मले हाये. पायी चालाची लाज वाटे, म्हणून तिच्या नावावर चालत होतो."

सगळ्यांसमोर, पारावरची मंडळी ओसरीत बसलेली असताना. त्यांचे कान लाल झाले होते. मला त्यांचा एवढा अभिमान वाटला की मी दाराआडच रडले. मुलाचे वडील चांगले जाडजूड होते. ते थोडे पुढे सरकून म्हणाले, "चालल्यानं खरंच उतरते काय हो?" लग्न तिथेच ठरल्यासारखे झाले.

पाठवणी पौषाच्या आधीच्या कडाक्याच्या थंडीत झाली. वऱ्हाडाच्या गाड्या पुढे आणि मागून आमची दमणी. मी सवयीने मागेच तोंड करून बसले. मुलीच्या बापाने शिवेवरून परत फिरायचे, ही आमच्याकडची रीत. शीव आली, गेली, आमचे कपाशीचे शेतही मागे पडले, तरी बाबा चालतच होते.

"पाटील, फिरा आता," कोणीतरी म्हणाले. "पोरीच्या मांगं इतकं येऊ नाही."

"मी काही पोरीसाठी नाही चालून राह्यलो," बाबा म्हणाले. "डाक्टरनं सांगतलं हाये."

ते ऐकून चाचांनी आपणहून बैल हळू केले.

"हाका चाचा," बाबा म्हणाले. "घाम आला पायजे." त्या थंडीत त्यांचा चेहरा केव्हाचाच ओला होता.