टोपीवर बसलेल्या सासूबाई

आमच्या डोंगरात नोव्हेंबरात फुलपाखरं येतात ती मेलेल्या माणसांचे जीव घेऊन, आणि मार्चमध्ये उत्तरेला निघून जातात. त्यांत माझ्या सासूबाई, कासिमिरा, असतातच. जिवंतपणी त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही; मी आपला 'तो बडबड्या'. त्यांचं चुकलं नाही. मी प्रवाशांना जंगल दाखवतो, आणि फुलपाखरांपाशी बोलायला बंदी असल्यानं लोकांना गप्प करायचं काम माझ्याकडे आहे. गाव यावर अजून हसतं.

दर मार्चला माझी बायको एर्मिला वर जाऊन आईचा निरोप घेते. यंदा तिच्या गुडघ्यानं दगा दिला.

"तेओ, तू जा. म्हणावं, गुडघा धरलाय, रुसू नकोस. निरोप न घेता गेली तर पुन्हा यायची नाही ती."

"उद्या जातो की!"

असे बरेच उद्या गेले. शेवटी निघालो, तर वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा. वर पोचलो तेव्हा झाडं रिकामी. फुलपाखरं निघून गेलेली. उतरताना थाप जुळवू लागलो: भेटल्या, हसल्या. पण सासूबाई हसल्या हे पटणार कुणाला?

गावाजवळ आलो आणि ऊन गेलं. ढग आला की मागं राहिलेली फुलपाखरं मिळेल तिथं बसतात. एक माझ्या टोपीच्या कडेवर, अगदी डोळ्यांसमोर बसलं. मी मान ताठ केली, तोंड मिटलं आणि नव्या नवरीसारखा चालू लागलो.

"काय रे, जीभ गहाण टाकलीस?" शेजारचा फिदेन्सिओ ओरडला.

झकास उत्तर सुचलं होतं. गिळलं.

एर्मिला अंगणातल्या चुलीपुढं निळ्या मक्याच्या भाकऱ्या भाजत होती. तिनं वर पाहिलं.

"अगं बाई! आई, ह्याच्या डोक्यावर?" आणि ती रडायलाच लागली. "मला चढवलं नाही गं. रागावू नकोस. ये हं परत."

ऊन पडलं. पंख उघडले, पण फुलपाखरू हलेना.

"तेओ, तूही बोल ना काही."

आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी बोल म्हणालं होतं, आणि नेमका शब्द सापडेना.

"सांभाळून जा... आई."

आई असं मी त्यांना कधी म्हटलंच नव्हतं. फुलपाखरू उठलं, छपरावरून उत्तरेला गेलं.

एर्मिलानं पदरानं आधी स्वतःचे, मग माझे डोळे पुसले.

"एवढंच ऐकायला थांबली होती रे, बडबड्या."